जाते म्हणू नये

दुबईत मी शेळी होते. काय काम करता असं कुणी विचारलं की मी हेच सांगायचे, आणि नवरा शेजारी उभा असला की कपाळाला हात लावायचा. त्याचं म्हणणं, सरळ 'व्हॉइस आर्टिस्ट' म्हणावं, चारचौघांत बरं दिसतं. मी म्हणायचे, अरे पण काम शेळीचं आहे ना, मग शेळी म्हणायला लाज कसली? तो अबू धाबीजवळ मुसफ्फात एका फॅब्रिकेशन यार्डात सुपरवायझर आहे. शुक्रवारी बर दुबईच्या घरी येतो आणि सोमवारी पहाटे, सगळी बिल्डिंग झोपलेली असताना, कंपनीच्या बसने परत जातो. आठवडाभर लोखंड कापून घेणाऱ्या माणसाला शेळीचं मोल काय कळणार.

स्टुडिओ सिलिकॉन ओएसिसमध्ये. बाहेरून बघाल तर सगळी काचेची ऑफिसं, गळ्यात कार्डं अडकवलेली पोरं. आत एका मजल्यावर भिंतींना गाद्या ठोकलेल्या दोन खोल्या, एक माइक, एक स्क्रीन. मुलांच्या मालिका इथे हिंदीत होतात, कारण हिंदी-उर्दू समजणारी पोरं आखातात गल्लोगल्ली. माझा आवाज पहिल्यापासून किरटा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी मला शेळी केलं ते त्या आवाजापायीच. 'बें' एवढा एकच डायलॉग होता, तोही मी भलत्या जागी म्हटला. आई म्हणायची, या आवाजाने तुझं कसं व्हायचं गं. लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकायला कॅनडाला गेला, आणि पन्नाशीला त्याच आवाजावर मला काम मिळालं. आईला सांगायचं राहून गेलं.

ही शेळीची मालिका मूळची अरबी. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लढाई चालू असलेले देश आजकाल इतके झालेत की वाचणारा आपापलं नाव घालून घेईल, आणि कुठलंही घातलं तरी फारसं बिघडणार नाही. मालिकेत एक हसतमुख ताई, मागे रंगवलेली टेकडी आणि टेबलावर कापडाची एक शेळी. ताई काही वाचायला लागली की शेळी तिचा कागद खायची. मुलं फोन करायची, शेळी त्यांच्याशी गप्पा मारायची. दात घासा, पाणी सांडू नका, आजीला त्रास देऊ नका, असला सगळा मामला. ताई 'शाब्बास' म्हणायची आणि शेळी 'बें' करायची. मला फार आवडायची ती. आगाऊ होती, माझ्यासारखीच.

समोरच्या फ्लॅटमध्ये त्याच देशाचं एक कुटुंब राहायचं. आता याला योगायोग म्हणाल, तर बर दुबईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकेका मजल्यावर पाच-पाच देश आहेत, योगायोग व्हायला जागाच लागत नाही. बाई मीना बाजारकडच्या एका सलूनमध्ये कामाला होती, गिऱ्हाइकांकडून शिकलेलं तोडकंमोडकं हिंदी बोलायची. नवरा ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. दारात मावणार नाही एवढा माणूस, छातीपर्यंत दाढी, आणि आवाज मात्र इतका हळू की लिफ्टमध्ये त्याचं 'गुड मॉर्निंग' ऐकायला मला पुढे वाकावं लागायचं. त्यांची पोरगी पहिलीत होती. शाळेची बस दुपारी सोडायची आणि आई संध्याकाळी यायची, म्हणून मधला वेळ पोरगी माझ्याकडे. ठरवून काही झालं नाही. एकदा बसली, मग रोज बसायला लागली.

ती मला 'खाला' म्हणायची, म्हणजे मावशी. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "खाला काय, अजून काही दिलंच नाही तर खाल्लं कुठून?" तिला विनोद कळला नाही, पण मी हसले म्हणून तीही हसली. पुढचे दोन दात पडलेले. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, माझ्या मुलानेही जन्मभर तेच केलं, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. मी शेळीचा सराव करायला लागले की ती मांडी घालून समोर बसायची आणि मूळ शेळी कशी बोलते ते करून दाखवायची. तिच्या आईने ती मालिका घरी लावूनच ठेवलेली. का, तर परदेशात पोरीच्या कानावर आपली भाषा राहावी म्हणून. मी कोण नावं ठेवणारी? माझ्या पोराला मराठी यावं म्हणून मी काय काय लावलं नाही घरात.

एका संध्याकाळी आई न्यायला आली, तेव्हा पोरीने तिला आलेलं मराठी पाजळलं. दप्तर पाठीला लावून म्हणाली, "खाला, मी जाते."

"अगं बाई!" मी ओरडलेच. "जाते काय म्हणतेस? येते म्हण, येते!"

ती दचकली. "बट खाला, आय ॲम गोइंग."

"गोइंग असलीस तरी. जायचं असतं तेव्हाच येते म्हणायचं असतं."

आता हे पहिलीतल्या पोरीला कसं समजावणार? मी म्हटलं, जाते म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात धस्स होतं. जाणारा परत येणार आहे हे त्याला आधी सांगायचं, मग पाऊल बाहेर टाकायचं. तिला ते एवढं पटलं की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून दारात उभं राहून जोरात "येते!" म्हणायची, आणि मी आतून, हात कणकेत असले तरी, "ये गं बाई, ये" म्हणायचे. तसं म्हटल्याशिवाय ती हलायचीच नाही.

मग तिने पिच्छाच पुरवला. अजून काय काय म्हणायचं नसतं? मी सांगत गेले. देवापुढचा दिवा विझव म्हणत नाहीत, शांत कर म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. पोरगी थक्क. चार दिवसांनी तिने माझ्या हातात पेन्सिलीचे दोन तुकडे आणून ठेवले आणि गंभीर तोंडाने म्हणाली, "खाला, पेन्सिल वाढवली." मी हसून हसून सोफ्यावर आडवी झाले.

तिचा बाप गेला तो त्याच सुमारास. त्याची आई तिकडे एकटी होती, गावाजवळ गोळे पडायला लागले होते, तिला बाहेर काढायला तो निघाला. रविवार होता, माझा नवरा घरीच होता, त्याने बॅग टॅक्सीपर्यंत नेली. कॉरिडॉरमध्ये बापाने लेकीला उचललं, हसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणून लिफ्टमध्ये शिरला. पोरगी बंद दाराकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खाला, बाबा सेड, यल्ला, आय ॲम गोइंग."

त्यांच्यातही बापाला बाबाच म्हणतात, आणि यल्ला म्हणजे चला. मी म्हटलं, अगं त्यांच्या भाषेत तसंच म्हणत असतील.

सुरुवातीला त्याच्या व्हॉइस नोट्स यायच्या. मग रस्ता बंद झाला, मग नेटवर्क गेलं. आईने पाठवलेल्या मेसेजपुढे एकच टिक दिसायची आणि ती सलूनमध्ये भुवया कोरताना मधेच थांबून फोन बघायची, हे तिनेच मला सांगितलं. पोरगी विचारायची, बाबा कधी येणार? आई म्हणायची, इन्शाल्ला. हा शब्द मी इथे वीस वर्षं ऐकते आहे. प्लंबरने म्हटला तर तो येत नाही असा अनुभव आहे. पण ती बाई म्हणायची तेव्हा हातातला फोन परत एकदा बघायची.

इकडे शेळीही बदलायला लागली होती. एकदम नाही हं. एकदम बदलली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. दात घासण्याच्या मधेच कधीतरी शेळीने विचारलं, टेकडीपलीकडे कोण राहतं? ताई म्हणाली, तिकडे वाईट लोक राहतात. पुढे शेळीच्या गळ्यात सैनिकांसारखा एक पट्टा आला. फोन करणाऱ्या मुलांना ताई आधीपासून विचारायची, मोठं झाल्यावर कोण होणार? कुणी डॉक्टर म्हणायचं, कुणी बेकरीवाला, आणि सगळ्यांना शाब्बास मिळायची. आता बेकरीवाल्याला ताई नुसतं "बरं" म्हणायला लागली. एक मुलगा म्हणाला, मी माझ्या भावासारखा होणार, जो गेला. त्याला शाब्बास मिळाली. ताईचा तोच गोड आवाज, तोच शब्द, दात घासल्याबद्दल मिळायचा तोच.

मी डायरेक्टरला बोलले. ती लखनौची, बोलणं असं की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. म्हणाली, "दीदी, हम तो सिर्फ आवाज़ देते हैं." मी हेडफोन परत कानाला लावला. शेळीचा कागद खायचा सीन अजूनही होता प्रत्येक भागात, आणि मला तो करायला मजा यायची.

शेवटचा भाग मी बघण्याआधी पोरीने बघितला. तिच्या घरी तो लागून गेला होता, माझ्याकडे यायचा होता. त्या दुपारी मी शंकरपाळे तळत होते. पोरगी आत आली आणि म्हणाली, खाला, मला पांढरा कपडा दे. मी इस्त्रीचा नॅपकिन दिला. तिच्याकडे एक कापडाची शेळी होती, आईने जुन्या टॉवेलची शिवून दिलेली. ती तिने नॅपकिनमध्ये गुंडाळली. मग कुंडीतलं सदाफुलीचं एक फूल तोडून वर ठेवलं, माझ्याकडे आली आणि म्हणाली, थोडी मिठाई दे, वाटायची आहे, शेळीचं लग्न आहे.

"अरे वा!" मी म्हटलं. "नवरा कोण?"

"नो नवरा," ती म्हणाली. "ती टेकडीवर जाणार. मग तिथेच. नो कमिंग बॅक. खाला, तू टाळ्या वाजव."

मी तिच्यासाठी भरलेली शंकरपाळ्यांची ताटली तशीच हातात धरून उभी. तेवढ्यात दार वाजलं. आई त्या दिवशी लवकर सुटली होती. तिने आत पाऊल टाकलं, ते पांढरं गाठोडं बघितलं, वरचं फूल बघितलं, माझ्या हातातली शंकरपाळ्यांची ताटली बघितली, आणि दाराजवळच्या चपलांच्या रॅकवर मटकन बसली. मग मला हिंदीत म्हणाली, "मेरी बहन के घर भी ऐसे मिठाई बाँटा था. उसका लड़का का. सब ताली बजाया." मुलगा लढाईत गेला होता, आणि तशा मयतीला तिकडे लग्न म्हणतात. बहिणीला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं, का तर ती रडत होती आणि लग्नघरात रडायचं नसतं.

पोरगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, म्हणून ती नीट समजावून सांगायला लागली. शेळी हसत होती. शेळी म्हणाली, मी जाते. सगळे खूश झाले. बाबा पण हसत होता. बाबा पण म्हणाला, गोइंग. त्याने येते नाही म्हटलं. म्हणजे तो येणार नाही, आणि आपण खूश व्हायचं. रडायचं नाही.

आणि तिने खरंच टाळ्या वाजवल्या. छोट्या छोट्या, शाळेत शिकवतात तशा.

मला काय झालं ते कसं सांगू. संताप आला, आणि तो कुणावर काढू ते कळेना. निम्मी गोष्ट त्या शेळीने तिच्या डोक्यात घातली होती आणि निम्मी मी. 'जाते म्हणू नये' हे माझंच ना? कौतुकाने शिकवलेलं. पोरीने दोन्ही जोडून आपल्या बापाचा हिशोब लावून टाकला होता, तोही न रडता. तिच्या आईने गाठोडं सोडलं, टॉवेलची शेळी बाहेर काढली आणि पोरीच्या मांडीवर ठेवली. मग दोघी घरी गेल्या. पोरगी दारात थांबली नाही आणि काही म्हणालीही नाही.

त्या शुक्रवारी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही लोक तरी काय वेगळं करता? बांगडी फुटली तर वाढवली म्हणता. मरण आलं तर लग्न म्हणणारे तेच करताहेत. मी खवळले. म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला! पण रात्रीचा भात टाकताना तेच डोक्यात घोळत राहिलं. चूक तरी कुठे होता तो? वाईटाला चांगलं नाव आपणही देतो. मग मला वाटलं, आपण बांगडी वाढवली म्हणतो ते मनात भीती असते म्हणून. फुटू नये, जाऊ नये, संपू नये असं आतून वाटत असतं, म्हणून जीभ अडते. त्या ताईची जीभ अडत नव्हती. लहान पोरांच्या पोटात जी भीती असायला हवी, जी त्यांना रस्ता ओलांडताना थांबवते, ती काढून घ्यायला ती तो गोड शब्द वापरत होती. हे मी नवऱ्याला वाढताना सांगितलं. तो म्हणाला, "मग तू काय करणार आहेस?" मी म्हटलं, "भात घे."

शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात लागलं. शेळीच्या गळ्यात हार, ताईच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी, मागे टेकडी. मी एकेक वाक्य करत गेले. क्लायंटचा माणूस दुसऱ्या शहरातून ऑनलाइन ऐकत होता. मधेच त्याचा निरोप आला, सगळं छान आहे, फक्त शेळीच्या आवाजात खुशी कमी पडते आहे.

माझ्या तोंडून फटकन मराठी गेलं. "शेळी जाते जीवानिशी, खाणारा म्हणतो वातड!"

काचेपलीकडून डायरेक्टरने विचारलं, "मतलब, दीदी?"

मी हिंदीत सांगितलं, बकरी जान से गई, और खाने वाला कहता है गोश्त चीमड़ है. ती हसली नाही. तिने हेडफोन काढून ठेवला, चहा मागवला, आणि आम्ही दोघींनी तो प्यायला. मग ती अगदी हळू म्हणाली, "लेकिन लाइन तो लगेगी."

शेवटची ओळ राहिली होती. शेळी मुलांकडे वळते आणि म्हणते, अच्छा बच्चो, मैं जाती हूँ. मी माइकसमोर उभी राहिले. लाल दिवा लागला. शेळीने मान वळवली.

"अच्छा बच्चो," मी म्हटलं, "मैं आती हूँ."

"दीदी, 'आती' नहीं, 'जाती'."

देवाशप्पथ सांगते, पहिल्यांदा मी ते मुद्दाम केलं नव्हतं. जन्मभराची सवय, मराठी बाईच्या हिंदीत ती अशीच डोकावते. भाजीवाल्याच्या दुकानातून निघतानाही मी "आती हूँ भैया" म्हणते आणि तो बिचारा माझी वाट बघत बसतो. परत दिवा लागला. परत मी "आती हूँ" म्हटलं. या खेपेला मात्र मुद्दाम.

"दीदी."

"मला नाही जमणार," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, आणि तिला कळलं. "बाकी सगळं घे माझं. हे एवढं नाही म्हणणार मी."

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या खोलीत दिल्लीची एक मुलगी कसल्याशा भाज्यांच्या कार्टूनमध्ये वांगं करत होती, तिला बोलावलं. तिने ओळ वाचली, किरटा आवाज लावला आणि एका झटक्यात म्हणून टाकली. खुशीसुद्धा भरपूर. मी पर्स उचलून खाली आले आणि बसस्टॉपवर उभी राहिले. काही बदललं नाही, हे मला कळत होतं. शेळी गेलीच. माझ्या जिभेवरून गेली नाही, एवढंच. एवढ्यानेही मला मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोरगी दुपारी आली. त्या लग्नाच्या दिवसापासून ती जरा बिचकूनच असायची. मी तिला दूध दिलं. तिने ग्लास हातात घेऊन विचारलं, तुझी शेळी गेली का, खाला? डिड शी से गोइंग?

मी म्हटलं, "माझी शेळी येते म्हणाली."

"रियली? अँड देन?"

"मग त्यांना राग आला. मी म्हटलं, माझी शेळी मराठी आहे, ती असंच म्हणणार."

तिने दूध अर्धं संपवलं. वरच्या ओठावर पांढरी मिशी. तिने टेबलावरची टॉवेलची शेळी जवळ ओढली. मग एकदम म्हणाली, बाबाला कुणी सांगितलंच नाही ना. त्याला माहीतच नव्हतं की येते म्हणायचं असतं. नोबडी टोल्ड हिम.

"हो की," मी म्हटलं. "आपणच सांगितलं नाही त्याला."

संध्याकाळी आई आल्यावर पोरीने तिचा फोन घेतला आणि बापाला व्हॉइस नोट केली. सगळं अरबीत, हात हलवून हलवून, माझ्याकडे बोट दाखवून, जणू त्याला मी दिसतेच आहे. शेवटी मात्र तो एक शब्द, हळूहळू, लहान मुलाला शिकवावा तसा तीनदा म्हणाली. आईला शब्द कळत नव्हता, पण ती पदराने डोळे पुसावेत तशी डोक्यावरच्या स्कार्फच्या टोकाने डोळे पुसत होती. नोट गेली. पुढे एकच टिक.

ती एक टिक बरेच दिवस तशीच राहिली. पण एक गोष्ट झाली. पोरगी रडायला लागली. शाळेतून आली की कधी कधी दप्तरही न काढता माझ्या मांडीत डोकं घालून भोकाड पसरायची, बाबा पाहिजे म्हणून. तिची आई मला म्हणाली, "अच्छा है. रोने दो." घरातला तो चॅनलच तिने बंद केला. म्हणाली, टेकडीपलीकडच्यांच्या चॅनलवरही असंच आहे, तिकडे शेळीऐवजी कुत्रा आहे, आणि तो आमच्याबद्दल सांगतो. आता पोरीच्या कानावर भाषा राहावी म्हणून ती स्वतःच रोज झोपताना गोष्ट सांगते. दमून येते, त्यामुळे रोज एकच.

मग एका शनिवारी दुपारी, माझा नवरा जेवून सोफ्यावर पेंगत होता, आणि समोरचं दार धाडकन उघडलं. आई अनवाणी, हातात फोन, मागून पोरगी. नोट आली होती. त्याने आधी काय काय सांगितलं ते आईने धाप टाकत हिंदीत सांगितलं. त्याची आई सापडली आहे, चालता येत नाही तिला, गाडी मिळाली की सीमेकडे निघू, कधी ते माहीत नाही. पण हे सांगायला ती आलीच नव्हती. नोटेचा शेवट पोरीला मला ऐकवायचा होता.

तिने फोन माझ्या कानाशी धरला. मागे वारा होता, कुणीतरी ओरडत होतं. मग तो दाराएवढा दाढीवाला माणूस, त्याचा तो हळू आवाज, घोगरा झालेला. थांबून, जपून, परक्या भाषेतला शब्द हातातून सांडू नये असा म्हणाला:

"येते."

आणि लगेच, "इन्शाल्ला."

माझा नवरा सोफ्यावर उठून बसला. माझ्याकडे बघायला लागला, कारण त्याला माहीत आहे, मराठी चुकलं की मला राहवत नाही. मुंबईहून फोन करणाऱ्या बँकेच्या पोरांचंही मी सुधारते. 'येतो' हे रूप त्या पोरीने कधी ऐकलंच नव्हतं. तिला ऐकू आलेलं मराठी ते माझं, एका बाईचं, आणि तेच तिने बापाला जसंच्या तसं पाठवलं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. मी ते मिटलं.

पोरीने फोन परत घेतला. आता तिची पाळी होती, तिला ते नीट ठाऊक होतं. तिने बटण दाबून धरलं, फोन तोंडाशी नेला आणि रोज संध्याकाळी मी दारात म्हणते तसंच, त्याच सुरात, म्हणाली, "ये गं बाई, ये."